अर्धा कप कोळसा

टाकीत त्या दिवशी एवढे जीव होते: क्लाउनफिशची एक जोडी, तोंडाने सारखी वाळू उपसणारा एक गोबी मासा, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक कोळंबी, चार शंखखेकडे, दिसल्या तेवढ्या अकरा गोगलगाई, आणि मधल्या खडकावर एक टॉर्च प्रवाळ. प्रवाळाची तोंडं चौदा. प्रत्येक तोंडाभोवती बोटभर लांबीचे तपकिरी हात आणि प्रत्येक हाताच्या टोकाला दिव्यासारखा हिरवा ठिपका, म्हणून टॉर्च. पाणी तीनशे लिटर, खालच्या कपाटातल्या छोट्या टाकीतलं धरून. मीठ लिटरमागे पस्तीस ग्रॅम. तापमान साडेपंचवीस. म्हणजे ती प्रशिक्षणाला गेली तेव्हा होतं तसंच सगळं होतं, आणि नेमकं हेच तिला पटत नव्हतं.

तिला घरात मापाडी म्हणत. नाव दादानं ठेवलं होतं. लहानपणी ती सरबताचे दोन पेले शेजारी ठेवायची, टेबलाला हनुवटी टेकून बघायची आणि दादाच्या पेल्यात जास्त आहे असं जाहीर करायची. आता ती एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधातलं फॅट मोजत असे, त्यामुळे नाव कायमचं चिकटलं होतं.

ती खांद्यावरची बॅगही न उतरवता टाकीपुढे वाकली होती. मागे खुर्चीत बाबा काळा चष्मा लावून बसले होते. ती बाहेरगावी असताना त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डावा डोळा नंतर करायचा होता. त्या दिवसांत टाकी वहिनीनं सांभाळली होती.

"बघितलंस पाणी?" बाबा म्हणाले. "किती वर्षांनी असं पाणी बघतोय मी. पट्टी काढली, घरी आलो, इथे बसलो आणि बघतच राहिलो. काच पुसून मध्ये काही ठेवलंच नाही असं वाटलं."

"छान आहे," मापाडी म्हणाली. तिला त्यात काही वेगळं दिसत नव्हतं.

"तुझ्या हातून कधी असं झालं नाही बरं का. सारखा चहाचा रंग. मी म्हणायचो, तू हसायचीस."

"मी हसायचे नाही बाबा. मी पाणी बदलायचे."

"तेच ते."

वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. ती कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये केस कापायची आणि रंगवायची. लग्न होऊन घरात येऊन तिला फार दिवस झाले नव्हते, पण घरातल्या सगळ्या खुर्च्यांना ती आपलीच वाटत असावी अशी वावरायची. मापाडीला ती मुद्दाम जुन्या पद्धतीनं वन्सं म्हणायची, आणि दोघींना हसू यायचं. आज एकीलाच आलं.

"वन्सं, आल्या का! दमलात? हे बघा, तुमचा एकही मेंबर मेला नाही."

"काय केलंस गं पाण्याला?"

"काही नाही. तुम्ही सांगून गेलात तेवढंच. रोज वरचं पाणी भरलं, चिमूटभर खाणं टाकलं, काच पुसली."

"कोळसा किती टाकलास?"

"अर्धा कप. तुम्हीच ठेवून गेला होतात ना पिशवीत बांधून?"

कोळसा म्हणजे साबुदाण्याएवढे काळे दाणे. माशांच्या खाण्यामुळे आणि विष्ठेमुळे खाऱ्या पाण्यात हळूहळू एक पिवळट झाक येते, ती हे दाणे शोषून घेतात. बाबांचा नियम होता महिन्याला अर्धा कप. त्याहून जास्त नाही. का नाही, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांना कुणीतरी सांगितलेलं होतं, एवढंच.

"डॉक्टरांनी मला बादल्या उचलायला मनाई केलीय," बाबा म्हणाले. "वाकायचंही नाही. तेव्हा मी ठरवून टाकलंय. यापुढे टाकी सूनबाईकडे."

मापाडीनं बॅग उतरवली. टाकी आपोआप आपल्याकडे येणार हे तिनं इतकं गृहीत धरलं होतं की तसं कधी बोलूनही दाखवलं नव्हतं. कॉलेजात असल्यापासून तीच मीठ कालवत होती, तीच नळ्या धूत होती. चौदा तोंडांपैकी पाच तिच्या डोळ्यांदेखत फुटली होती. एका तोंडाची दोन कशी होतात, मधे खाच पडून ते आधी आठाच्या आकड्यासारखं कसं दिसतं, हे तिनं काचेला नाक लावून पाहिलं होतं.

"बाबा, अहो मला कुठे जमतंय," वहिनी म्हणाली.

"जमलंय म्हणूनच म्हणतोय."

इथे बाबांच्या डोळ्याबद्दल सांगायला हवं. त्यांनी उभं आयुष्य एका रंगाच्या दुकानात रंग जुळवण्यात घालवलं. गिऱ्हाईक भिंतीचा नखाएवढा पोपडा घेऊन यायचं आणि बाबा डब्यात थेंब थेंब रंग टाकत हुबेहूब तीच छटा काढून द्यायचे. दुकानात मशीन आलं तेव्हा मालक मशीननं काढलेला रंग बाबांना दाखवून मगच झाकण लावायचा. शेवटी शेवटी एका गिऱ्हाइकानं हस्तिदंती रंगाचे डबे परत आणले, मग आणखी एकानं. बाबांचं त्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं आणि ते तडकाफडकी काम सोडून घरी आले. घरात सगळ्यांचं एकमत होतं की गिऱ्हाईकं आंधळी होती. पडदे घ्यायचे असोत की दादाचा लग्नातला कोट, रंगाचा निकाल बाबा देत, आणि त्यावर अपील नसे.

म्हणून मापाडीनं पुढे जे केलं ते शास्त्राला धरून केलं, पण सुरुवातच चुकीच्या जागेवरून केली.

तिनं नायट्रेट मोजलं. दहा. फॉस्फेट मोजलं. पूर्वीएवढंच. टाकीच्या एका टोकाला पांढरी बशी उभी धरली आणि दुसऱ्या टोकाकडून, पाण्याच्या पूर्ण लांबीतून तिच्याकडे पाहिलं. बशी किंचित पिवळट दिसली. अगदी गेल्या महिन्यात दिसली होती तेवढीच. यावरून दोन निष्कर्ष निघू शकत होते. बाबांचा डोळा चुकतोय, किंवा तिचा. पहिला तिच्या मनाला शिवलाही नाही. बाबांना दिसणारा फरक आपल्याला दिसत नाही, एवढाच तिनं अर्थ काढला, आणि वहिनीनं असं काहीतरी केलंय जे ती सांगत नाही.

मग तिनं कपाट तपासलं. फेस काढणाऱ्या यंत्राचा डबा उघडला, पंप हाताळले, बाटल्यांची झाकणं हुंगली. सगळं जागच्या जागी, उलट जरा जास्तच स्वच्छ. बादलीच्या कडीला वहिनीनं केसांचं रबर गुंडाळून ठेवलं होतं, हाताला कडी रुतू नये म्हणून. हे आपल्याला इतक्या वर्षांत का सुचलं नाही, या विचारानं तिच्या पोटात अक्षरशः दुखलं.

जेवताना बाबांनी पुन्हा विषय काढला. "त्या माशाच्या अंगावरची निळी रेघ आहे ना, कडेला, ती मला दिसते आता. आधी दिसायचीच नाही. सूनबाई, तुझ्या हाताला गुण आहे."

"तिच्या हाताला गुण आहे हे मी केस कापून घेतो तेव्हाच म्हणतो," दादा म्हणाला. "मापाडीच्या हाताला फक्त खुणा आहेत. पन्नास मिली, शंभर मिली."

सगळे हसले. मापाडीही हसली, आणि भात ताटात तसाच ठेवून उठली.

शनिवारी दुपारी तिघं बाबांच्या डोळ्याच्या तपासणीला गेले. मापाडी घरी राहिली. तिनं कोळशाचा नवा डबा फोडला, दाणे धुतले आणि अर्ध्या कपाऐवजी डबाच्या डबा जाळीच्या पिशव्यांत भरून पंपाच्या तोंडाशी, जिथे पाण्याचा जोर सगळ्यात जास्त असतो, तिथे बसवला. मनाशी तिचं गणित सरळ होतं. वहिनीचं पाणी स्वच्छ असेल, तर हे त्याहून स्वच्छ होईल. बाबा बघतील. त्यांच्याइतका बारीक डोळा कुणाचा नाही, तेव्हा त्यांना फरक कळेलच.

रविवारी सकाळी पाणी दिसत नव्हतं. ही अतिशयोक्ती नाही. दादा चहाचा कप घेऊन आला आणि खरोखर बिचकला.

"अरे, पाणी कुणी चोरलं? मासे हवेत तरंगतायत!"

वहिनी धावत आली. "अगं बाई! वन्सं, हे कसं केलंत? मला शिकवा ना."

मापाडीनं पांढरी बशी धरून दाखवली. आता ती पांढरीशुभ्र दिसत होती. तिनं बाबांना हाताला धरून खुर्चीत आणून बसवलं. ते बराच वेळ पाहत राहिले. चष्मा काढला, पुन्हा लावला.

"छान आहे," ते म्हणाले.

"आणि?"

"आणि काय? चांगलंच आहे. सूनबाईनं ठेवलं होतं तसंच आहे."

दादानं कपात तोंड लपवलं. मापाडीच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की ती थेट गच्चीत गेली आणि वाळलेले कपडे घड्या न घालताच गोळा करून खाली घेऊन आली.

प्रवाळाचं पहिल्यांदा वहिनीच्या लक्षात आलं. मंगळवारी मापाडी कामावरून आली तेव्हा ती टाकीपुढे उकिडवी बसली होती.

"वन्सं, हे आज नीट उघडलंच नाही. कालही जरा अंग चोरूनच होतं."

चौदाही तोंडांचे हात आत ओढलेले होते. जिथे केसाळ गुच्छ डुलायचे तिथे नुसत्या मुठी आवळल्यासारख्या दिसत होत्या. वरच्या तोंडांचा तपकिरी रंग उडाला होता. ती भिजवलेल्या कागदासारखी फिकट झाली होती.

"तू हात घातला होतास?" मापाडीनं विचारलं.

"काच पुसायला. सकाळी."

"नखांत राहतं काहीतरी. केसांचा रंग, ब्लीच. एक थेंब पुरतो. तुला कळत कसं नाही?"

वहिनी उठली. कपाटाच्या दारामागे खिळ्याला कोपरापर्यंत येणारे निळे हातमोजे टांगलेले होते, ते काढून तिनं टेबलावर ठेवले.

"हे घालते. तुम्ही सांगितलं नव्हतं, तरी घालते. आणि सकाळी म्हणजे पार्लरला जायच्या आधी, वन्सं. कामावर जायच्या आधी माझे हात तुमच्यासारखेच असतात."

मापाडीनं मोज्यांकडे पाहिलं. ते आतून उलटे करून वाळवलेले होते. अशी निगा राखणारा माणूस ब्लीच लागलेला हात पाण्यात घालत नाही, हे तिला समजत होतं. आणि समजत होतं म्हणूनच ती माफी मागू शकली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं डेअरीतून प्रकाश मोजायचं यंत्र मागून आणलं. सगळी रसायनं जागच्या जागी असतील तर उरतो दिवा. दिवा बसवला तेव्हा तिनं याच यंत्रानं खडकावरचा प्रकाश मोजला होता आणि आठ हजार लक्सवर दिवा पक्का केला होता. तिनं मापकाचं टोक प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं, बाही वर सारली आणि प्रवाळाशेजारी धरलं.

अकरा हजार.

दिवा तोच. उंची तीच. मधलं पाणी तेवढं बदललं होतं. वर्षानुवर्षं त्या पिवळट पाण्यानं प्रवाळावर गॉगल धरला होता, आणि तिनं तो एका दुपारीत काढून घेतला होता. शिवाय पिवळी झाक निळा प्रकाश अडवते, आणि हे यंत्र नेमका निळा प्रकाश कमी मोजतं. म्हणजे खरी वाढ याहूनही जास्त होती. महिन्याला अर्धा कप का, याचं उत्तर बाबांनाही माहीत नव्हतं. आता तिला माहीत झालं होतं.

तिचा हात अजून पाण्यात होता तेव्हा वहिनी बाबांच्या डोळ्यात औषध घालायला आली. ती एका हातानं पापणी उचलायची, दुसऱ्या हातानं थेंब टाकायची, आणि बाबा लहान मुलासारखे नाक आक्रसायचे.

"मिटून ठेवा हं बाबा. मी सांगेपर्यंत उघडायचा नाही."

"मिटलाय." ते टाकीकडे तोंड करून बसले होते. थोड्या वेळानं म्हणाले, "सूनबाई, पाणी परत पिवळं पडलं गं."

मापाडी तशीच थांबली. टाकीच्या आयुष्यात पाणी इतकं स्वच्छ कधीच नव्हतं. ते पिवळं असूच शकत नव्हतं.

"बाबा, कुठला डोळा मिटलाय?"

"औषधाचा. उजवा."

"आता तो उघडा. डावा झाका."

"अजून नाही वन्सं," वहिनी म्हणाली.

"क्षणभर. बाबा, हातानं डावा झाका."

बाबांनी झाकला. "अरे? आता छान दिसतंय."

"आता उलट."

"पिवळं."

"परत."

"छान." त्यांचा हात हवेतच राहिला.

मापाडीला जे वाटलं त्याला आनंदच म्हणावं लागेल. ती ओल्या हातानंच पुढे आली आणि एका दमात बोलून गेली. "बाबा, पाणी बदललंच नव्हतं! तुमच्या डोळ्यातलं भिंगच पिवळं झालं होतं, मोतीबिंदूनं. कित्येक वर्षांपासून. ते उजव्या डोळ्यातलं काढलं आणि तुम्हाला पाणी स्वच्छ दिसायला लागलं. वहिनीनं काहीच केलेलं नाही. माझं पाणी पहिल्यापासून चांगलंच होतं. तुम्हालाच पिवळं दिसत होतं."

तिला वाटलं होतं ते हसतील, निदान चकित तरी होतील. बाबांनी हात खाली घेतला. मग म्हणाले, "खणात माझं रंगाचं कार्ड आहे. आण."

ते घडीचं कार्ड होतं, अंगठ्याएवढ्या चौकोनांचं. बाबांनी पांढऱ्या रंगांची घडी उघडली. एक डोळा झाकून एका चौकोनावर बोट ठेवलं. दुसरा डोळा झाकून त्याच चौकोनाकडे पाहिलं. पुन्हा पहिला. त्यांचं बोट तीन चौकोन पुढे सरकलं आणि तिथे थांबलं.

"मी हा दिला त्यांना," ते म्हणाले. "हस्तिदंती म्हणून. त्यातला एक बिचारा साधा मास्तर होता. म्हणाला, काका, ही भिंत नाही, लोणी झालंय. मी त्याला चारचौघांत आंधळा म्हणालो."

मापाडीच्या हातावरचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. हे तिनं मोजलंच नव्हतं. बोलताना तिला फक्त एवढं दिसत होतं की वहिनीच्या पेल्यातलं आपल्या पेल्यात येतंय.

"बाबा, तसं कुणालाही—"

"मग सूनबाईनं काय केलं होतं, म्हणतेस?"

"काहीच नाही," मापाडी म्हणाली. आता त्या शब्दांत काही दम उरला नव्हता.

"मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतेय की," वहिनी म्हणाली. "या घरात माझं कुणी ऐकत नाही."

"आणि प्रवाळाला काय झालंय? कालपासून तुम्ही दोघी माझ्यापासून लपवताय. मला उजव्या डोळ्यानं दिसतं आता."

मापाडीनं सांगितलं. आख्खा डबा, पंपाच्या तोंडाशी, शनिवारी दुपारी. आठ हजार आणि अकरा हजार. वहिनीच्या हातांबद्दल काय बोलली तेही सांगितलं, कारण वहिनी तिथेच उभी होती आणि ते गाळलं असतं तर तिला कळलं असतं. सांगून झाल्यावर ती वहिनीकडे वळली. "चुकले मी," म्हणाली.

"ते राहू दे," वहिनी म्हणाली. "हे जगेल का ते सांगा."

"दिवा वर घ्यायचा. कोळसा काढायचा. मग प्रकाश थोडा थोडा वाढवत आणायचा. सगळी तोंडं वाचणार नाहीत."

बाबांनी कार्डाची घडी घातली. "टाकी सूनबाईकडेच राहील," ते म्हणाले.

"बाबा, पण आत्ताच तर सिद्ध झालं की तिनं काही केलं नाही!"

"तेच म्हणतोय मी. काही केलं नाही, आणि काही मेलं नाही. मोजायचं काम तुझं. हात घालायचं तिचं."

दादा घरी आल्यावर त्यानं शिडी धरली, मापाडीनं दिव्याच्या साखळ्या चार कड्या वर घेतल्या आणि खडकावर सहा हजार लक्स येईपर्यंत पुन्हा पुन्हा मोजलं. वहिनीनं जाळीच्या पिशव्या काढल्या आणि अर्धा कप दाणे एका छोट्या पिशवीत बांधून ठेवले. बाबांनी त्या मास्तरांचा पत्ता दुकानातून मागवला. पुढे ते त्यांच्याकडे गेले की नाही हे मापाडीनं विचारलं नाही.

बाबांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. तोवर प्रकाश टप्प्याटप्प्यानं पुन्हा आठ हजारावर आला होता. पाण्यातही हळूहळू जुनी झाक उतरली होती. बाबा दोन्ही डोळ्यांनी टाकीकडे बघून म्हणाले, "किंचित पिवळं आहे." मापाडीनं बशी धरून पाहिली. किंचित पिवळं होतं.

"वन्सं, तुम्ही मोजा," वहिनी मागून म्हणाली. तिनं निळे मोजे घातले होते आणि ती काच पुसायला आली होती. "मला ती बारकी तोंडं एकात एक मिसळलेली दिसतात."

मापाडी काचेशी वाकली. टाकी आता वहिनीची होती. जे जगलं असेल ते वहिनीच्या हातात जगलं असणार होतं. आकडा लहान निघावा असं आपल्याला कुठेतरी वाटतंय हे तिच्या ध्यानात आलं, म्हणून डावीकडून मोजून झाल्यावर तिनं उजवीकडूनही मोजलं. दोन्हीकडून एकच उत्तर आलं.

उघडलेली तोंडं: नऊ.